सात गोळ्यांचं गाव

गोळी दिवसातून दोनदा घ्यायची आहे. सकाळी एक घेतली. आज आणखी किती घ्याल?

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या चाळीसही प्रौढांचं उत्तर होतं: सात.

चाळीसही जण जिवंत होते.

चौथ्या, सर्वांत अवघड पातळीचा प्रश्न होता एक जीप, तीन पेशंट आणि दोन नद्यांच्या पुराचा. तो मात्र त्यातल्या तेहतीस जणांनी अचूक सोडवला होता.

प्रौढांची प्रश्न सोडवण्याची कुवत मोजणाऱ्या या पाहणीची तपासनीस प्रज्ञा जळगावहून धुळ्याला आली. देवपूरच्या ऑफिसचा जिना गुटख्याने लाल होता. साहेबांच्या टेबलावर शेवभाजीचा तवंग वाळला होता. ती उभीच राहिली.

"रोहिणीनं उत्तरं फोडली," कार्यालयप्रमुख रुपचंद दात कोरत म्हणाले. "तिला काढल्याचं पत्र तयार आहे. पोलिसांतही देतो."

दाराशी उभी असलेली रोहिणी त्याच गावची. पाहणी तिनेच केली होती. "ताई, बठ्ठा लोकेसनी सोता लिखेल शे. ज्याचं त्यानं लिहिलंय, मी फक्त पेन्सिली दिल्या."

"उत्तरसूची कुठे होती?"

"तुमच्याकडे जळगावला. सीलबंद," रुपचंद म्हणाले.

"मग ती फोडणार कशी? भरलेल्या पुस्तिकांच्या कपाटाची किल्ली?"

"एक झुलाल शिपायाकडे. एक माझ्याकडे."

प्रज्ञाने पुस्तिका उजेडात धरल्या. पहिल्या तीन पातळ्यांची पानं खोडरबराने झिजली होती. चौथीच्या पानावर खोडल्याची खूणही नव्हती.

तिने चौथा प्रश्न तिघांपुढे ठेवला. रोहिणीला चार मिनिटं लागली. झुलालने चहा गाळता गाळता सोडवला. रुपचंदांनी कागद उलटा करून पाहिला.

"छपाईची चूक दिसते."

"नाही, साहेब. बरोबर उत्तरं खोडून चुकीची लिहिणाऱ्याला बरोबर काय ते आधी ओळखावं लागतं. तुम्हाला तिसऱ्या पातळीपर्यंतच ओळखता आलं. या दोघांपैकी कुणी असतं, तर चौथीही बिघडवली असती. खालच्या पातळीच्या गावांना जे प्रशिक्षण मिळणार आहे, त्याचं कंत्राट कुणाचं?"

"साहेबांच्या मेहुण्याचं," झुलालने माहिती पुरवली.

"पण चौथीला अंदाजानं तरी हात का नाही लावला?" प्रज्ञाने विचारलं.

रुपचंदांनी काडी बशीत टाकली. "जे मला येत नाही, ते त्या जंगलातल्या लोकांना कुठून येणार? चुकलंच असणार म्हटलं."

 प्रज्ञाने रोहिणीला काढल्याचं पत्र फाडलं आणि वरच्या ऑफिसला फोन लावला.

"मॅडम," रुपचंद हळूच म्हणाले, "त्या जीपचं बरोबर उत्तर काय हो?"

"रोहिणी, तू सांग. मला यांच्याशी बोलवत नाही."