कुणीच न हिसकावलेली टोपी

दुपारचे चार वाजले आणि हॉल्वरसनांच्या खिडकीबाहेर गोठलेलं तळं, रस्ता, गाड्या सगळं करड्या अंधारात बुडालं. नातेला वसंतात जॉर्जिया देशातून इथे अमेरिकेत, मिनेसोटात आली होती. सासरचा हा तिचा पहिलाच नाताळ. या घरातली माणसं हसतात फार, आणि उगाच हसणाऱ्यांवर विश्वास ठेवायला ती शिकली नव्हती.

तिला चौथा महिना होता. तिकडे असताना आधीची दोन गेली होती, म्हणून या वेळी तिने अवाक्षरही काढलं नव्हतं. नवरा ट्रेव्हर मालवाहू बोटीवरचा, कालच सुटीवर आलेला. त्यालाही उद्या सांगणार होती. आज सकाळीच पोटात पहिल्यांदा हललं होतं आणि ती न्हाणीघरात एकटीच रडली होती.

जेवणं आटोपल्यावर सासूबाईंनी पुडक्यांचा खेळ मांडला. प्रत्येकाने भेटवस्तूचं एक पुडकं आणायचं, चिठ्ठीत येईल त्या नंबराने एक उचलायचं, नाहीतर दुसऱ्याचं उघडलेलं हिसकावायचं. पहिल्या नंबराला शेवटी एकदा अदलाबदल करता येते. कुणी काय आणलं ते मात्र सांगायचं नाही.

"माणसं पाच आणि पुडकी सहा?" नातेलाने विचारलं.

"आणली असतील कुणीतरी दोन," म्हणत सासूबाई चिठ्ठ्या फिरवू लागल्या.

पहिला नंबर नातेलाचाच निघाला. तिने हाताशी आलेलं पुडकं फोडलं. आत लोकरीची पिवळी टोपी होती, मुठीएवढी. हात लावला तर ऊबदार, नुकतीच कुणाच्या डोक्यावरून काढल्यासारखी. धुतलेल्या तान्ह्या अंगाचा वास येत होता.

खोलीतलं हसणं थांबलं. नातेलाच्या माहेरी बाळ येण्याआधी त्याचं काहीही घरात आणत नाहीत. यांना कळलं कसं? कोण वाईटावर टपलंय?

"सांभाळ हं तिला," कोपऱ्यातून आर्डिस आत्या हळूच म्हणाल्या. वारलेल्या सासऱ्यांची ही थोरली बहीण. नातेलाला ती धमकीच वाटली.

खेळ पुढे सरकला. आत्यांना मासे धरायचे गळ मिळाले. त्यांचा मुलगा कर्ट याने सासूबाईंच्या हातून पॉपकॉर्नचा डबा ओढला.

"मेल्या, मागच्या वर्षीही माझंच लुटलंस!"

"मामी, तुमची निवडच चांगली असते, मी काय करू?"

नातेलाने टोपी पुढे केली. "त्यापेक्षा ही घे ना, कर्ट."

"नको बाई. तिला मी हात लावणार नाही." तो हसला, पण डोळे दुसरीकडे वळवून.

ट्रेव्हरची पाळी आली तेव्हा तिने त्याचा दंड धरला. "तू घे... माझ्यासाठी."

"असं नसतं करायचं गं," तो पुटपुटला आणि त्याने एक पुडकं उचललं. टॉर्च निघाली.

म्हणजे हाही त्यांच्यातलाच. संतापाने तिचे कान तापले. शेवटची अदलाबदल तिची होती. ती उठली, टॉर्च ओढून घेतली आणि टोपी त्याच्या मांडीवर टाकली.

सासूबाईंनी तोंडावर हात नेला.

"दिलीस?" आत्या खुर्चीतून अर्धवट उठल्या. "अगं, काय केलंस हे? मलाही आली होती अशी, अठ्ठ्याहत्तर साली. कुणी आणली, आजवर कळलं नाही. माझी आधीची तीन गेली होती... कुणी हात लावला नाही. दुसऱ्याच्या लेकराला कोण हिसकावतं? मी घट्ट धरून बसले, म्हणून हा कर्ट आहे."

नातेलाच्या हातून टॉर्च गळून पडली. "दे... परत दे मला."

"खेळ संपला गं," सासूबाई रडवेल्या झाल्या. "आता बदलता येत नाही."

नातेलाने पोटावर दोन्ही हात ठेवले आणि श्वास रोखून वाट पाहिली. आत काहीच हललं नाही.

ट्रेव्हर खुर्चीत संथपणे मागेपुढे डुलत होता. टोपी त्याने छातीशी, कोपराच्या बेचक्यात धरली होती.

"ट्रेव्हर..."

"हळू बोल," तो मान वर न करता कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय."

टोपी आता रिकामी दिसत नव्हती.