राणीच्या नाटकाचा शेवट

कंदील जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि मध्येमध्ये बोलू नका. ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. दत्ताराम आमच्या शेजारचा माणूस. त्याने हे सगळं मला एकदाच सांगितलं. पुन्हा मी विषय काढला तर ताडकन उठून गेला, चहासुद्धा अर्धा टाकून.

तर दत्ताराम निघाला होता पुस्तक आणायला. काम एवढंच. साल एकोणसाठ, मार्गशीर्ष वद्य नवमी, आणि आमच्या खारवणे गावच्या गावपळणीची दुसरी रात्र.

मुंबईला वाढलेली पोरं आता एकमेकांकडे बघतायत, म्हणून सांगतो. दर काही वर्षांनी देवाला कौल लावायचा, आणि देवाने हुकूम दिला की अख्खा गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, झाडून सगळं. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा. व्हाळापलीकडे, म्हणजे वेशीवरच्या ओढ्यापलीकडे, माडाच्या चुडतांच्या खोपी उभारायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच निजायचं. त्या दिवसांत गाव कोणाचा असतो हे कोणी विचारत नाही. 'त्यांचा' म्हणतात आणि गप्प बसतात.

बायका फुगड्या घालत होत्या, म्हातारे भजनाला बसले होते. आमच्या वाचनालयाच्या मंडळींना मात्र करमेना. दर आठवड्याला जमून जुनं नाटक मोठ्याने वाचायचं आणि मग त्यावर तावातावाने मतं द्यायची, ही त्यांची सवय. त्यांनी खोपीतच बैठक मांडली. पुस्तक जवळ नव्हतं, पण मतं होती, आणि आमच्याकडे मत द्यायला पुस्तक लागतंच असं नाही.

विषय निघाला राणीच्या नाटकाचा. फार जुनं संगीत नाटक. वाचनालयात त्याची एकुलती एक प्रत, तिची पहिली पानं कसरीने खाल्लेली, त्यामुळे खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. राजाला राणीचा संशय येतो, तो तिला घराबाहेर काढतो, आणि मग शेवटपर्यंत सगळे रडतात नि गातात. दत्ताराम वाचनालयाचा चिटणीस. त्याचं म्हणणं, राजाचं काहीच चुकलं नाही. लोक बोलू लागल्यावर राजाने करायचं काय? आणि शेवटच्या अंकात राणी पाया पडतेच की. भाई मास्तर शाळेतले, वाचणारा माणूस. ते म्हणाले, अहो, अख्ख्या नाटकात राजा तिला एक प्रश्न विचारत नाही. विचारला असता तर पहिल्याच अंकात पडदा पडला असता.

दत्तारामाची बायको सत्यवती चुलीपाशी पेज ढवळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "राणी खंय पाया पडता? राजाच पडता."

भाई मास्तर हसले आणि म्हणाले, वहिनींचं बरोबर आहे.

झालं. दत्तारामाचं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर शेवटचा अंक त्याने स्वतः कधी वाचलाच नव्हता. कपाटाची किल्ली कमरेला असली की पुस्तकं डोक्यात आपोआप शिरतात, अशी त्याची समजूत. पण ते जाऊ दे. वाचनालयात तेव्हा बायका येत नसत. घरी जाणारं पुस्तक नवऱ्याच्या हातून जायचं, आणि हे पुस्तक त्याने कधी घरी नेलं नव्हतं. मग हिला शेवट कळला कसा? आणि मास्तरांनी इतक्या झटकन हो कसं म्हटलं?

संशय एकदा घरात शिरला की तो जुनी भांडीसुद्धा वाजवून बघतो. मास्तर गेल्या उन्हाळ्यात ताक प्यायला थांबले होते. आंबे मोजायला आले तेव्हा ओसरीवर बराच वेळ बसले होते. ही त्या दिवशी हसत होती. संसार मोडायला एवढं पुष्कळ झालं. त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की पुस्तकात हिची खूण सापडली तर हिला माहेरी धाडायची, कायमची. पानावर हळदीचं बोट असेल, एखादा केस असेल, काहीतरी असेलच. बायको हाताच्या अंतरावर बसलेली. तिला विचारावं, ते नाही.

गुरं बघून येतो असं सांगून तो निघाला आणि काळोखात व्हाळ ओलांडून गावात शिरला.

चंद्र अजून उगवायचा होता. पायवाट त्याच्या रोजच्या सवयीची, तरी दोनदा ठेचकाळला. गावात कुत्रं नाही की भुंकावं, जनावर नाही की दावं ओढावं, कुठे म्हातारं माणूस खोकत नाही. नेहमी या वेळी घराघरातून धूर येतो, तोही नाही. स्वतःच्या वहाणांचा आवाज त्याला इतका मोठा वाटायला लागला की त्याने वहाणा काढून हातात घेतल्या.

वाचनालय देवळाच्या मागच्या बाजूला. तो पायरीपाशी आला आणि थांबला.

आत कोणीतरी बोलत होतं.

उजेड नव्हता. काळोखातच बोलणं चाललं होतं. एक जण म्हणाला, दोष राजाचा. दुसरा थोडं थांबून म्हणाला, दोष राणीचा, ती बोलली का नाही? तिसऱ्याने हुंकार दिला. एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने, अगदी बैठकीची रीत. फक्त कोणी कोणाला तोडत नव्हतं. आमच्या बैठकीत असं कधी झालेलं नाही.

मग बाईचा आवाज आला. ती राणीचं भाषण म्हणत होती. सावकाश… एकेक शब्द…

आवाज सत्यवतीचा.

इथे भीती वाटायला हवी होती ना? त्याला राग आला. संशयी माणसाला भूत दिसत नाही रे, त्याला मास्तर दिसतो. दोघं आडवाटेने आपल्या आधी येऊन पोचली, दुसरी किल्ली करून घेतली, आणि गाव रिकामा बघून इथे बसली, असं त्याने क्षणात जुळवलं. तो पायरीवरूनच ओरडला.

"सत्यवती!"

आवाज थांबले. सगळे एकदम.

मग आतून… "ओ."

दत्तारामाने बघितलं नाही, विचारलं नाही. हुकूम सोडला. "तमाशो पुरे झालो. घराक जा. थंयच ऱ्हव. मी येयसर भायर पडा नको."

बांगड्या वाजल्या. आधी आत… मग दारात… मग त्याच्या खांद्याला लागून. कोणी दिसलं नाही. बांगड्या पुढे गेल्या. त्याच्या घराच्या वाटेने. दूर… आणखी दूर.

त्याने दाराला हात लावला.

कुलूप होतं. त्याने स्वतः घातलेलं. तसंच.

गाव रिकामा असताना आत कोणाला जावंच लागलं, राहिलेलं जनावर आणायला म्हणा, तर जुनी माणसं एकच गोष्ट बजावतात. नाव घेऊन हाक मारायची नाही. ज्याला मारली तो तिथे नसतो, आणि ओ तर मिळते. हे दत्तारामाला लहानपणापासून पाठ होतं. ते त्याला आत्ता आठवलं.

वहाणा तिथेच पडल्या. तो धावला. मागे बघितलं नाही. व्हाळात पडला, उठला, पुन्हा धावला.

खोपीत सत्यवती निजली होती. एका बाजूला त्याची आई, दुसऱ्या बाजूला शेजारची यशोदा. यशोदा जागीच होती. ती म्हणाली की सत्यवती संध्याकाळपासून इथून हललेली नाही. सत्यवती जागी झाली, त्याचे भिजलेले कपडे बघून घाबरली. तेव्हा कुठे त्याने तो प्रश्न विचारला, जो चुलीपाशी विचारायचा होता. त्या नाटकाचा शेवट तुला कसा ठाऊक?

"माझ्या मामान राणीचा काम केल्यान हुता," ती म्हणाली. "ल्हानपणी किती खेळ बघलंय त्येचे. तुमी कधी इचारलास?"

दत्ताराम रडला. आईसमोर, यशोदेसमोर, हुंदके देऊन. त्याने सत्यवतीचे पाय धरले. तिला काही समजेना. घरी पाठवलेल्या त्या दुसरीबद्दल तो कोणापाशी अक्षर बोलला नाही. आपण सुटलो, असंच त्याने धरून चाललं.

तीन रात्री सरल्या, देवाने परतायचा कौल दिला, ढोल वाजले, गुरं आधी आणि माणसं मागून गावात शिरली. दत्तारामाची चाल घराजवळ येताच मंदावली. किल्ली त्याच्याकडे होती, पण ती त्याने सत्यवतीच्या हातात दिली.

तिने कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबली.

घर सारवलेलं होतं. ओलं होतं अजून. शेणाचा ताजा वास बाहेरपर्यंत येत होता.

सत्यवतीने वळून नवऱ्याकडे बघितलं. असं तिने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. "चावी तुमच्या कमरेक हुती," ती हळू म्हणाली. "हडे खंयची बाई येता?"

आता विचारलं जात होतं, आणि सांगण्यासारखं दत्तारामाजवळ काही नव्हतं.

ती खाली वाकली. सारवणावर बोटांचे फेर उमटले होते. तुम्ही आईला सारवताना बघितलंय ना? बाई आतून सुरुवात करते, मागे मागे सरत दारापर्यंत येते आणि बाहेर पडते. ओल्यावर पाय पडू नये म्हणून. सगळ्या बायका तसंच सारवतात.

हे फेर उंबऱ्यापासून सुरू झाले होते. मागे मागे सरत आत गेले होते. ओसरी… माजघर… थेट आतल्या खोलीच्या बंद दारापर्यंत. ओल्या जमिनीवर पाऊल एकही नव्हतं.

सत्यवतीने त्या दाराकडे बोट केलं.

"ही भायर पडाक नाय," ती म्हणाली.

दत्तारामाला आपणच दिलेला हुकूम आठवला, मी येईपर्यंत बाहेर पडू नको. तो कडेकडेने, भिंतीला धरून, त्या दारापर्यंत गेला. दार लोटून बघितलं.

आतून कडी होती.