शेजारची ट्यूब

गारखेड्यातल्या त्या लॅबमध्ये सुलेखा रोज सकाळी आधी स्वतःचं रक्त काढायची. निरोगी माणसाचं रक्त लावून मशीन नीट चालतंय का ते बघण्याची लॅबवाल्या मुकुंद सरांची ही काटकसरी रीत. सुलेखाचं रक्त फुकट होतं ना! त्या दिवशी शेजारच्या ट्यूबमध्ये अभयचं रक्त होतं. तिचा नवरा शेंद्र्याच्या कंपनीत पाळ्या करून पार गळून गेला होता, आणि त्याचे वडील हृदयविकारानेच गेलेले. तिने ट्रोपोनिन लावलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते. दोघांचंही नॉर्मल आलं. अभय कामावर गेला.

दुपारी लाइट गेली, मशीन पुन्हा सुरू करावं लागलं, म्हणून तिने सगळे नमुने परत लावले. सगळ्यांचे आकडे सकाळचेच आले. अभयचा तेवढा वाढलेला.

तिने पुन्हा लावला. आणखी वाढला.

"बंद ट्यूबमध्ये कोण भर घालणार, सुलेखा?" सर म्हणाले. "किट खराब असेल."

किट खराब, तर बाकीचे आकडे बरोबर कसे? तिने अभयला फोन केला.

"डबा खातोय," तो म्हणाला. "अंग जड हाय नुसतं. छातीत काय नाय."

तरी तिने त्याला बोलावून घेतलं. ईसीजी साफ आला, ताजं रक्तही साफ. सरांनी त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं. सकाळची ट्यूब मात्र चढतच होती. असे आकडे तिने फक्त आयसीयूतून आलेल्या नमुन्यांत पाहिले होते.

सुलेखा दृष्ट-बिष्ट मानणारी बाई नव्हे. सासू लीलाबाई नातीच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायच्या, "तुझी पीडा मला" म्हणायच्या, तेव्हा ही हसायची. आणि आता काय करतोय ते कळायच्या आत तिने ट्यूबवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा.

मग तिची तिलाच लाज वाटली. तिने ट्यूब परत लावली.

नॉर्मल.

फोन वाजला. "जरा झोपलो ना, लई हलकं वाटायलंय," अभय म्हणाला. "किती महिन्यांनी."

तिला रडू आलं. डोळे पुसून उठायला गेली तर पाय उचलेनात. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग स्वतःची सकाळची ट्यूब लावली, चढलेला आकडा बघितला आणि मशीन बंद केलं.

घराचा जिना चढताना ती दोनदा थांबली. सात वर्षांची करुणा आजीसोबत दारातच उभी होती.

"आई, लई थकलीस का गं?"

"नाय गं, सोन्या."

सुलेखा डोळे मिटून भिंतीला टेकली.

इवले हात तिच्या गालांवरून फिरले. तिने डोळे उघडले तोवर बोटं मोडून झाली होती.

"तुझी पीडा मला," करुणा म्हणाली, आणि जमलं का म्हणून आजीकडे बघून हसली.

सुलेखाला एकदम हलकं वाटलं.