बिनकमानीचं घड्याळ

"अण्णांनी किल्ली जास्त पिळली आणि कमान तुटली म्हणे!" दुर्गा रागानं लालेलाल झाली होती. "अरे, पण या घड्याळाला कमान आहेच कुठं?"

धारच्या सरदार आबासाहेबांच्या दिवाणखान्यात ते विलायती घड्याळ मुकाट उभं होतं. पुरुषभराहून उंच, काचेच्या दारामागे लांब लंबक, आणि पोलादी कमानीच्या गुंडाळीऐवजी त्याला चालवणारं जाडजूड पितळी वजन. दर सोमवारी दुर्गाचे वडील, नीलकंठअण्णा, किल्लीनं ते वजन वर चढवत आणि दुर्गा शेजारी दिवा धरून उभी राही. अर्धं गाव आपली घड्याळं त्यावरून लावायचं. पण खंडेनवमीपासून ते थांबलं, आणि आबासाहेबांचे मेहुणे जयसिंगराव यांनी भर चौकात अण्णांना बेफिकीर ठरवलं. आज इंदूरचा भंगारवाला घड्याळ न्यायला येणार होता. त्यापाठोपाठ अण्णांची नोकरीही जाणार होती!

"वजनावर चालतं, मग तुटणार काय? मामांचं डोकं?" आबासाहेबांचा धाकटा मुलगा फत्तेसिंग म्हणाला. नवरात्रात तो अमझेऱ्याला देवीला गेला होता, कालच परतला होता.

दुर्गानं दार उघडून लंबकाला हलकेच ढकललं. टक्टक्... टक्टक्... चार पावलं लंगडत चालल्यासारखं ते चाललं, अन् थांबलं.

"जिवंत आहे!" ती ओरडली. "नुसतं लंगडतंय!"

तिचा धाकटा भाऊ शरद जमिनीवर पालथा पडून घड्याळामागे डोकावत होता. "ताई! इथं अक्षता आहेत! झेंडूच्या पाकळ्यासुद्धा!"

"मागे? अण्णांनी तर ते मळसूत्री खिळ्यांनी भिंतीला आवळलं होतं. मागे अक्षता जातीलच कशा?"

"देखो तो, खिळेच नाहीत!" फत्तेसिंग भिंतीवरची रिकामी भोकं चाचपत म्हणाला. "भिया, कुणीतरी हलवलंय हे!"

कुणी, ते विचारायला वेळच कुठं होता? दारात भंगारवाल्याचे हमाल आले. मागोमाग आबासाहेब आणि मिशीला पीळ देत जयसिंगराव!

दुर्गा घड्याळासमोर हात पसरून उभी राहिली. "हात लावायचा नाही!"

"ए पोरी, हो बाजूला!" जयसिंगराव गरजले.

दुर्गा तसूभर हलली नाही. तिनं चेहरा एकदम भोळा केला. "मामासाहेब, खंडेनवमीला हत्यारांबरोबर याचीही पूजा झाली ना? पण पूर्वेला तोंड नसताना झाली, म्हणून रुसलं असेल!"

"कोण म्हणतं नव्हतं?" जयसिंगराव उसळले. "मी जातीनं उभं राहून खिळे काढवले आणि पूर्वेला फिरवलं! पूजा झाल्यावर परत भिंतीशी ढकललं!"

आबासाहेबांनी हळूच मेहुण्याकडे पाहिलं.

"शरद, खिशातला भोवरा काढ!" दुर्गानं भोवऱ्याला त्याची जाळीची दोरी बांधली आणि घड्याळाच्या कडेशी ओळंब्यासारखी सोडली. दोरी सरळ लोंबली, घड्याळ मात्र चक्क डावीकडे कललेलं! "आबासाहेब, ही फरशी मोरीकडे उतरती आहे. अण्णांनी पाचर लावून हे नीट उभं केलं होतं, ती फिरवताना निघाली. तिरकं घड्याळ चालत नाही."

फत्तेसिंगनं आपली लाडकी विटी घड्याळाच्या डाव्या पायाखाली ठोकली. दोरी आणि कड जुळली. दुर्गानं लंबक ढकलला.

टक्. टक्. टक्. टक्. एकसारखं! शरद उड्याच मारायला लागला.

"शाब्बास, पोरी!" आबासाहेब खूष झाले. "बोल, काय बक्षीस देऊ?"

"बक्षीस नको." दुर्गानं मान ताठ केली. "मामासाहेब अण्णांना चौकात सगळ्यांसमोर बोलले. आता चूक कुणाची, तेही चौकातच सांगायचं. सगळ्यांसमोर!"

"काय ही जीभ!" जयसिंगराव फणफणले.

"खरी आहे ती जीभ," आबासाहेब म्हणाले. "चला चौकात!" मग ते दाराशी उभ्या गड्याकडे वळले. "गणपत, नीलकंठरावांना मानानं घेऊन ये."

चौक भरला. जयसिंगराव जमिनीकडे बघत पुटपुटले, "चूक माझी."

"ऐकू आलं नाही!" दुर्गा म्हणाली.

"चूक माझी होती, नीलकंठराव!"

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. आबासाहेब हसून म्हणाले, "नीलकंठराव, नोकरी तुमचीच. पण सोमवारची किल्ली यापुढे दुर्गाबाईंच्या हाती!"