माईचं लांबलेलं आजारपण

"आज तरी डॉक्टरांनी रिपोर्टचं पाकीट उघडलं का?" चहा गाळता गाळता आक्कांनी विचारलं.

"छे," दादू पेपरात बघत म्हणाला. "हातात धरून उभे आहेत. माई निळी चादर ओढून पडलीय. उन्हाळ्यापासून हेच चाललंय."

आक्का खासगी तपासाची कामं करत. दादू त्यांचा धाकटा भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो त्यांच्या मागेमागे फिरे आणि आपण मदत करतो असं समजे. 'माईचा संसार' ही पेपरातली चित्रमालिका तो रोज वाचे, आणि पेपरच्या साइटवर तिच्याखाली टवाळी करणाऱ्यांतही सामील होई.

"हे ऐक. माई घरी येईपर्यंत तिच्या नातवंडांना पेन्शन लागेल."

"वाचलं मी ते. बरं जमलंय," दारातून कुणीतरी म्हणालं.

आलेला माणूस त्या मालिकेचा चित्रकार होता. दादूने पेपरची घडी केली आणि तिच्यावरच बसला.

"हसणाऱ्यांबद्दल तक्रार नाही," चित्रकार म्हणाला. "पण त्यांत 'थंड चहा' नावाने लिहिणारं एक जण आहे. ते माझ्या जवळचं कुणीतरी आहे, असं सारखं वाटतं. कोण ते शोधा. कळलं की त्याने माझ्या कामाला हात लावायचा नाही आणि माझ्या दारातही यायचं नाही."

"एवढा राग आलाय?"

"नाही. बायको गेल्यापासून मला काही येतच नाही. निदान राग येईल, असं वाटलं होतं." बसचं तिकीट मागावं, तसा तो बोलत होता.

आक्कांनी दादूला 'थंड चहा'चा मजकूर वाचायला लावला.

"'डॉक्टर घरातल्या सपाता घालून धावत आले, पाकीट उघडायला मात्र सवड नाही.' आणि हे कालचं. 'ती हिरवी चादर विरत आली, निकाल काही लागेना.'"

"छापण्याआधी चित्र कोण कोण बघतं?" आक्कांनी विचारलं.

"लेक फुग्यांतले संवाद लिहिते. मेहुणा चित्रं कचेरीत पोचवतो. मग पुरवणीचा संपादक. बस."

कचेरीत संपादक कामात बुडालेला होता. "मी कशाला टवाळी करू? टवाळांमुळेच मालिका टिकलीय. सरळपणे वाचणारं आता उरलंय कोण?"

त्याने एक मूळ चित्र काढून दाखवलं. सगळं काळ्या शाईत. "रंग मी इथे कॉम्प्युटरवर भरतो. डॉक्टर पांढरे, चादर निळी. खालची बोटभर पट्टी जाहिरातीसाठी उडवतो."

दादू चित्रावर वाकला. "अगं, खरंच सपाता आहेत की!"

"आहेत ना? चल आता."

मेहुणा कचेरीच्या फाटकापाशी गाडी पुसत होता. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी हसेन होय?"

"बहिणीला भेटायला जात होतात दवाखान्यात?"

त्याचा हात थांबला. "डबे रस्त्यावरच रखवालदाराकडे द्यायचो. वर खोलीत पाऊल टाकवलं नाही. एकदाही नाही. लेकच असायची तिच्यापाशी."

वाटेत आक्का त्याच दवाखान्यात शिरल्या. दादूला वाटलं, रक्तदाबाची गोळी घ्यायला गेल्या असतील. तो मागच्या आवारात उभा राहून वाळत घातलेल्या हिरव्या चादरींची रांग बघत राहिला.

लेक घरी संवाद लिहीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बाबांशी बोलता का या मालिकेबद्दल?"

"आम्ही 'जेवलीस का', 'जेवलात का', एवढंच बोलतो."

संध्याकाळी चित्रकाराच्या खोलीत सगळे जमले. संपादक सारखा घड्याळ बघत होता.

"छापलेल्या चित्रात डॉक्टरांना पायच नाहीत," आक्का म्हणाल्या. "ते जाहिरातीखाली गेले. म्हणजे सपाता बघणारं माणूस मूळ चित्र हाताळणारं. या तिघांपैकीच एक."

"मग संपादकच," दादू म्हणाला. "कापणारा तोच."

"त्याने स्वतः चादर निळी रंगवली. तो हिरवी कशाला म्हणेल? मूळ चित्रात तर रंगच नाही. हिरवी चादर चित्रात कधी नव्हतीच, दादू. ती दवाखान्यात होती. मघाशी बघत होतास ना?"

"पण मेहुणे तर खोलीत गेलेच नाहीत," दादू म्हणाला आणि लेकीकडे वळला.

"हिरवी होती?" चित्रकाराने विचारलं.

"हो," लेक म्हणाली. "मीच ती. घरात तुमच्याशी बोलता येत नव्हतं. त्या साइटवरचं तुम्ही वाचायचात. आई जाऊन वर्ष होत आलं, बाबा, आणि मी रोज माईच्या, म्हणजे तिच्याच तोंडी 'मला आज बरं वाटतंय' लिहिते. माझ्याच्याने आता लिहवत नाही." तिने टाक खाली ठेवला. "तुमची अट ठाऊक आहे मला. जाते मी."

"बस," चित्रकार म्हणाला.

ती उभीच राहिली.

"शेवटी काही बोलली का ती? मी कधी विचारलंच नाही."

"बाबांचं काम झालं का, म्हणाली. मी म्हटलं, झालं, ते निघालेत."

"मी निघालो नव्हतो."

"माहीत आहे, बाबा."

तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.