टाकलेलं नाव

निळा चौकड्यांचा शर्ट. अजय नावाच्या नदीत सोडलेला.

तळलेल्या माशांचा वास.

वातुल. संस्कृत शब्द. वारं लागून वेडा झालेला. गात, भिक्षा मागत फिरणाऱ्या साधूंना म्हणतात तो 'बाउल' शब्द त्यातूनच आला, असं दादाचे गुरू गोसाई सांगायचे.

हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भावाचं आहे. बंगालात, बाउलांची जत्रा भरते त्या केंदुलीच्या अलीकडे आमचं गाव. पौषातली दुपार.

हलधरदादाने बाउलांची दीक्षा घेतली, तेव्हा गोसाईंनी त्याला जिवंतपणी कफन चढवलं. जुने कपडे नदीत सोडले.

"हलधर आज मेला. हा वातुलदास. बारा दिवस जुन्या नावाने कुणी हाक मारायची नाही. टाकलेला माणूस जवळपासच असतो. हाक ऐकली की येतो."

चौथ्या दिवशी आई मासे तळत होती. मी अंगण सारवत होते.

वारा नव्हता.

बांबूचं फाटक वाजलं...

ओल्या अंगणातून कुणीतरी चालत गेलं...

पाऊल उमटलं नाही.

"मा, भूक लागलीय."

दादाचाच आवाज.

"आलास? गोसाईंच्या खिचडीने भागलं नाही वाटतं!" आई हसली.

तो ओसरीवर बसला होता. अंगात निळा शर्ट...

कोरडा.

मी धावत आखाड्यात, गोसाईंच्या मठात गेले.

दादा तिथेच होता. पांढऱ्या कफनीत. मांडीवर एकतारा.

मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं,

"पुटी, पोटभर जेवला का तो?"

तेव्हापासून तो रोज येतो. ताट चाटूनपुसून रिकामं होतं.

आणि तिकडे दादा वाळतो. कफनी खुंटीला टांगल्यासारखी दिसते.

परवा गोसाई घरी आले.

"हाक कुणी मारली?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी."

"वाढणं बंद कर. दोघांपैकी एकच जगेल."

"मग माझा कुठला, ते मला ठरवू द्या. तुमचा वातुलदास दारोदारच्या बायांना मा म्हणतो. हा फक्त मलाच म्हणतो."

गोसाई उठून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

कालपासून दादाला एकतारा उचलवत नाही.

आज आईने दोन मासे जास्त घेतलेत.

वारा नाही.

फाटक वाजलं...

दीक्षेच्या तिसऱ्या दिवशी, नदीवर धुणं धुताना, "हलूदा" अशी हाक मी मारली होती.