दोन घंट्या

बायको रेश्मा गेल्याचं धनाजी खरमाटेला ना फोनवरून कळलं, ना डॉक्टरांकडून. दुपारी मुलगा वेदांग एकटाच दवाखान्यातून परतला, चप्पल दारात काढली आणि म्हणाला, "अहो, दूध उतू जाईल. शेगडी बघा."

आवाज वेदांगचा, बोलणं रेश्माचं. धनाजीनं शेगडी बंद केली आणि तिथंच ओट्याला धरून उभा राहिला.

तोवर विट्यात ग्राही माणसांचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. आठवण जागी होते तेव्हा मेंदूतून अगदी क्षीण विद्युतलहरी निघतात. हजारात एखाद्याला त्या स्पर्शातून पकडता येतात. तो ग्राही. वेदांग जन्मापासून तसा. शाळेत मास्तरांनी पाठीवर हात ठेवला की त्यांच्या घरचं भांडण ह्याला कळायचं. पण पकडलेलं तास-दोन तासांत विरून जाई. आईचं तसं झालं नाही. मरताना मेंदू एकदाच, सगळा मिळून उजळतो, आणि त्या क्षणी तिचा हात वेदांगच्या हातात होता.

धनाजी ड्रायव्हर, रेश्मा कंडक्टर. विटा-चिपळूण गाडीवर दोघांचं जुळलं. तेव्हा गाड्या माणसं चालवत. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. दुसरी घंटा पडल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, मग मागून कुणी कितीही हॉर्न मारो. रेश्मानं ही पद्धत घरातही आणली होती. धनाजी गप्पांत रमला की ताटावर चमच्याचे दोन ठोके. म्हणजे आता उठा, ड्युटी आहे.

पहिले काही दिवस धनाजी गप्प होता. मग एका संध्याकाळी न राहवून त्यानं विचारलं, "वेदा, हेळवाकला गाडी बंद पडली होती. तुला... म्हणजे तिला आठवतं का रे?"

"आठवतं की. तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला. मी मनात म्हटलं, ह्या माणसाचे कान केवढे मोठे! घंटा तरी नीट ऐकू जाईल."

धनाजी हसता हसता रडला. बत्तीस वर्षांत हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. मग रोजच संध्याकाळी तो चहा करी आणि विचारत बसे. घाटातलं धुकं, पहिली खोली, वेदांगच्या वेळचे डोहाळे. वेदांग सांगे. आधी "आई म्हणाली" असं सांगे, नंतर नुसतं "मी".

चौथ्या महिन्यात वेदांगनं दाढी करताना वस्तरा खाली टाकला.

"बाबा, आरशात कोण आहे हे कळायला मला वेळ लागतो. माझा शाळेतला पहिला दिवस मला आठवत नाही. तुमच्या लग्नाचा आठवतो. आठवणीत तुम्ही मला कसे दिसता, कळतंय का तुम्हाला? मी तेवीस वर्षांचा पोरगा आहे हो!"

मिरजेच्या डॉ. शबनम मुजावर ह्याच विषयात काम करत. त्यांनी धनाजीलाच समोर बसवलं.

"काका, ज्या रस्त्यावर गाडी जात नाही त्याचं काय होतं?"

"गवत उगवतं. दोन वर्षांत रस्ता दिसत नाही."

"आठवणीचं तसंच असतं. काढली की पक्की होते, नाही काढली की पुसट होते. रोज तिच्या रस्त्यावरून गाडी कोण नेतंय?"

धनाजी खाली बघत राहिला. "मीच."

"वेदांगचे स्वतःचे रस्ते बुजत चाललेत. अजून वेळ गेलेली नाही. पण तुमचा चेहरा दिसला तरी तिच्या आठवणी जाग्या होतात. वर्षभर लांब राहा. भेट नाही, फोन नाही."

"आणि ती?"

"पुसली जाईल."

"म्हणजे दुसऱ्यांदा."



धनाजीनं चिपळूणला बहिणीकडे जायचं ठरलं. सकाळी साडेनऊची गाडी. आता गाडीला ड्रायव्हर नाही आणि घंटाही नाही, दारं आपोआप मिटतात. धनाजीनं बॅग दारात ठेवली आणि शेवटचा चहा म्हणून टेबलाशी बसला. ओठांवर प्रश्न आला होता, तो त्यानं गिळला. वेदांग समोर बसून पोहे खात होता.

तेवढ्यात वेदांगनं चमचा उचलला आणि ताटावर ठोके दिले. दोन.

धनाजीनं वर पाहिलं. वेदांगची मान खालीच होती. कान मात्र लाल झाले होते, आणि ते कान धनाजीसारखेच मोठे होते.

हे पोरानं सांगितलं, की तिनं? पोरानं असेल तर त्याला बाप घरात नको होता. तिनं असेल तर ती स्वतःच पुसून जायला तयार होती, पोरासाठी. कुणीही दिल्या असोत, दोन घंट्या पडल्या होत्या. एका शब्दात विचारता आलं असतं. पण विचारलं की ती आणखी पक्की होणार, हे त्याला आता ठाऊक होतं. त्यानं विचारलं नाही.

साडेनऊची गाडी कोपऱ्यावर थांबली, दारं मिटली आणि ती गेली.

बॅग दारातच आहे. दोन घंट्या पडल्या तरी धनाजी अजून निघालेला नाही; तो निघाला की ती पुसली जायला लागणार.